थोरलीचा कोंब

बासिलियाने आपलं मेलेलं कोकरू काट्यांतून ओढून काढलं, तेव्हा तिची दोन्ही मनगटं रक्ताळली होती. तितांका झाडाच्या पात्यांचे काटे आकड्यासारखे वळलेले. अडकलेलं मेंढरू जितके हिसके देतं, तितकं रुतत जातं. अशा वेळी ज्याचं कोकरू गेलं त्याने झाड पेटवून द्यायचं, ही या डोंगरावरची रीत. अशीच जळून जळून आता जेमतेम शंभर झाडं उरली होती.

ती राखायला गावाने बासिलियाच्या नवऱ्याला, फोर्तुनातोला, नेमलं होतं. बावीस वर्षं तो रोज पहाटे उठून इकडे यायचा. झऱ्यावर बायका खिदळायच्या, "काय गं, सवतीची तब्येत बरी आहे ना?" तीही हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. दोन महिन्यांपूर्वी गुडघा मोडून तो घरी बसला, तेव्हा तर कहरच झाला. ती दमून परतली की याचा पहिला प्रश्न, "माझी थोरली कशी आहे?"

थोरली म्हणजे हेच झाड. बासिलियाने काडी ओढली आणि सहज वर पाहिलं.

पात्यांच्या मधोमध मांडीएवढा जाड कोंब आला होता. तितांका जन्मात एकदाच फुलते आणि बी सांडून मरते. याच बियांसाठी फोर्तुनातोचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

काडी बोटाला चटकली. तिने ती थुंकी लावून विझवली.

"थोरली?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"आहे तिथंच. पळून जातेय की काय?"

एवढी मोठी बातमी फुकट द्यायला ती तयार नव्हती. बसू दे झुरत! मात्र दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेच वर जाऊ लागली. झाडाभोवती तिने दगडांचा गडगा रचला. शेजारचा मेंढपाळ अपोलिनार आपलं कोकरू गेलं म्हणून काडेपेटी घेऊन आला, तेव्हा तिने त्याला शिव्या घातल्या आणि बदल्यात स्वतःच्या कळपातलं एक कोकरू देऊन वाटेला लावलं. कोंब दोन पुरुष उंच झाला. त्यावर पांढुरकी फुलं उमलली. ती तासन् तास बघत बसायची.

एका पहाटे फोर्तुनातो कोपरावर रेलून उठला.

"एवढ्या लवकर कुठं निघालीस?"

"मेंढरांकडे."

"मेंढरं तर अजून वाड्यात आहेत. आणि ही सणाची टोपी कशाला?"

तिने शाल खांद्यावर घेतली.

"कळपात आणखी एक कोकरू कमी आहे. कुणाला दिलंस?"

"अपोलिनारला."

त्याचा चेहरा पडला. त्याने पांघरुणाचा काठ चिमटीत धरला.

"तो... तो येतो का वर?"

बासिलियाने त्याच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षांत त्याने तिच्याबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न. फुलांची बातमी अगदी ओठांवर आली होती. तिने टोपी सारखी केली.

"येतो कधी कधी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.