बाईसाहेबांचं अंडं

"मोकळ्या हवेत वाढलेल्या जिवाची बरोबरी कोंडलेला जीव जन्मात करू शकत नाही!" उलट्या घातलेल्या घमेल्यावर उभं राहून धाकट्याने जाहीर केलं. श्रोते दोनच होते, आई आणि दादा. वाक्य पुरतं संपायच्या आत मोकळ्या हवेत वाढलेला त्याचा सगळ्यात लाडका जीव, म्हणजे बाईसाहेब नावाची तांबडी कोंबडी, दादाच्या शेडमधून डुलत डुलत बाहेर आली. चोचीला दादाच्या खाद्याचा भुगा लागलेला होता.

"या बाईसाहेब," दादा म्हणाला. "नुसती हवा खाऊन पोट भरलं नाही वाटतं?"

धाकटा घमेल्यावरून उतरला.

जमीन एकच होती, तऱ्हा मात्र दोन. अर्ध्या जमिनीवर दादाची लांबलचक शेड. आत पिंजऱ्यांच्या रांगा, आणि पिंजऱ्यात जागा एवढीच, की एकीला पंख पसरायचे तर शेजारणीची परवानगी घ्यावी लागेल. खाणं वेळेवर, दिवे वेळेवर, लस वेळेवर. अंडं पडलं की उतरत्या जाळीवरून घरंगळत पुढच्या पन्हळीत यायचं, न मळता, न फुटता. आत शिरलं की वासाने नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. "सवय होते," दादा म्हणायचा. कोंबड्यांना कुणी विचारलं नव्हतं.

उरलेल्या अर्ध्यात धाकट्याच्या कोंबड्या. तो आधी एका कचेरीत होता. तिथे तीन बाजूंना लाकडी आडोसे असलेल्या खोक्यात बसून त्याने बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे या विषयात त्याचं मन फार हळवं होतं. त्याच्या कोंबड्या दिवसभर उकरायच्या, धुळीत लोळायच्या आणि मनाला येईल तिथे अंडी घालायच्या. कुंपणाखाली, सरपणात. एकदा बाईसाहेबांनी त्याच्या हेल्मेटमध्ये घातलं. ते त्याला हेल्मेट डोक्यावर चढवल्यावर कळलं. तेव्हापासून त्याने तिच्या खुराड्यात चिनी मातीचं एक खोटं अंडं ठेवलं होतं. कोंबडीचा हिशेब सरळ असतो, जिथे अंडं दिसतं तिथे अंडं घालायचं. अधूनमधून एखादी कोंबडी घार न्यायची, एखादी मुंगूस.

"निसर्गाचा वाटा," धाकटा म्हणायचा.

"माझ्याकडे निसर्गाला दाराबाहेरच थांबवतात," दादा म्हणायचा.

हे असंच चाललं असतं, पण गुरांच्या डॉक्टरांनी बाईसाहेबांना शेडमध्ये हिंडताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाहेर फिरणारी कोंबडी आत रोग घेऊन आली, तर पिंजरेच्या पिंजरे साफ होतील. एकतर मधे जाळी घाला, नाहीतर सगळ्या कोंबड्या कोंडा.

"जाळी त्याने घालावी," दादा म्हणाला. "भटक्या बायका त्याच्या."

"मी आणि कुंपण घालू?" धाकटा म्हणाला. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

शेवटी आईने तोडगा काढला. तिची मैत्रीण, बेकरीवाली मावशी, रोजच्या अंड्यांसाठी माणूस शोधतच होती. ती ज्याची अंडी पसंत करेल, त्याचीच तऱ्हा सगळ्या जमिनीवर. दादाची पसंत पडली, तर धाकट्याच्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात.

धाकट्याच्या डोळ्यांसमोर बाईसाहेब आल्या, कचेरीतल्या त्याच्या जुन्या खोक्यात बसलेल्या.

मावशी यायच्या दिवशी तो उजाडताच उठला आणि हाताला लागेल ते अंडं टोपलीत भरत सुटला. दादाने मात्र आदल्या संध्याकाळीच सारख्या मापाची अंडी निवडून, पेंढा घालून, टोपली शेडच्या दाराशी ऐटीत मांडून ठेवली होती.

मावशी आल्या, चहा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. आईने ठेवणीतला चिनी मातीचा वाडगा काढला. दोन्हीकडची अंडी बाहेरून तांबूसच. दादाची मात्र एका साच्यातून काढल्यासारखी. धाकट्याची काही लिंबाएवढी, काही बटाट्याएवढी, आणि एकाला पीस चिकटलेलं.

"पाहुण्यांना भेटायचं म्हणून नटून आलंय," दादा म्हणाला.

"गप रे," आई म्हणाली.

मावशींनी दादाचं एक फोडलं. फिकट पिवळा बलक, वाडग्यात पसरला. दुसरं फोडलं, तसंच. तिसरं फोडलं आणि त्या खुर्चीत पुढे सरकल्या. बलक केशरी, टपोरा, जागचा न हलणारा.

"हे! याला म्हणतात अंडं!"

दादाची छाती फुगली. "काळजी घ्यावी लागते, मावशी."

धाकट्याने आपली टोपली पुढे सरकवली. "माझं एक बघा तरी."

मावशींनी त्याच्या टोपलीतलं सगळ्यात देखणं, गुळगुळीत अंडं उचललं आणि वाडग्याच्या काठावर आपटलं. अंड्याला काही झालं नाही. वाडग्याचा टवका उडाला.

सगळे वाडग्याकडे बघत राहिले.

"मोकळ्या हवेने कवच भलतंच घट्ट होतं," दादा गंभीरपणे म्हणाला.

"अरे, हे खुराड्यातलं खोटं अंडं!" आई ओरडली. "आंधळ्या, हेही भरलंस? माझा वाडगा!"

मावशी मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. ते अंडं त्यांनी पदराला पुसून पर्समध्ये टाकलं. "गल्ल्यावर ठेवते. उधारी मागायला आलेल्यांना हेच देईन."

धाकट्याच्या डोक्यात तेवढ्यात उजेड पडला. खोटं अंडं टोपलीत, म्हणजे बाईसाहेबांचं खुराडं रिकामं. मग सकाळी त्या बसल्या कुठे?

"दादा, तुझी टोपली आज सकाळी कुठे होती?"

"शेडच्या दाराशी. का?"

"पेंढा घालून?"

"मग काय उशी घालून?"

"आणि तू किती अंडी निवडली होतीस?"

दादाने टोपलीतली आणि वाडग्यातली अंडी मोजली. पुन्हा मोजली. एक जास्त भरत होतं. त्याने पेंढ्यात हात घातला, तर हाताला एक लांब तांबडं पीस लागलं. त्याचा चेहरा असा झाला, की धाकट्याला क्षणभर त्याची दया आली. क्षणभरच.

"काळजी घ्यावी लागते, मावशी," धाकटा म्हणाला.

मावशींनी डोळे पुसले आणि धंद्याचं बोलल्या. "हे बघा, केकला मला मापातलं अंडं लागतं. आज लिंबू, उद्या बटाटा, असं करून भट्टी चालत नाही. बेकरीला दादाचीच. पण माझ्या घरी खायला मात्र बाईसाहेबांकडचीच पाठवायची."

"म्हणजे जिंकलं कोण?" दादाने विचारलं.

"माझा वाडगा हरला," आई म्हणाली. "कोंबड्या आहेत तिथेच राहतील. आणि उद्या हा मधे जाळी घालेल. स्वतःच्या हाताने."

धाकट्याने तत्त्व आठवून पाहिलं. मग पिंजरा आठवला. "घालतो," तो म्हणाला.

दादाने कोपऱ्यातली हातोडी आणून त्याच्यापुढे ठेवली.

मावशी पर्स उचलून निघाल्या. त्या फाटकापर्यंत पोचल्या, तोच धाकटा चपला न घालता मागे धावला.

"मावशी, एक विनंती होती."

"बोल ना."

"तेवढं ते खोटं अंडं परत द्या. बाईसाहेब पुन्हा माझ्या हेल्मेटकडे बघायला लागल्यात."