वाऱ्याचे मजले

मुलांचे किडके दात काढताना जिचा हात कधी थरथरला नाही, ती डॉक्टरीण आपल्याच घरात सासऱ्यांसमोर मात्र भिजलेलं मांजर होऊन जायची. सासरे म्हणजे कप्तान. उभी हयात मालवाहू जहाजांवर गेलेली, त्यामुळे पोटचा मुलगासुद्धा त्यांना कप्तानच म्हणे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते मुलाकडे राहायला आले आणि तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं शिंकलंही नव्हतं. कप्तान रागवायचे नाहीत, तेच तर अवघड होतं. चहा गार झाला तरी गप्प, टीव्ही बिघडला तरी गप्प. नुसते बघायचे.

आता गुडघा बरा झाला होता आणि त्यांनी आपल्या घरी परतायचं काढलं होतं. सासूबाई गेल्यापासून ते घर रिकामं होतं, जिना उभा होता आणि हाकेला धावून येईल असं जवळपास कुणी नव्हतं. नवरा कामासाठी बाहेरगावी निघताना दारात कुजबुजला, "मी थांबा म्हटलं तर हट्टाला पेटतील. तूच विषय काढ."

"मी? 'जेवायला वाढलंय' याच्यापलीकडे मी त्यांच्याशी एक वाक्य बोललेली नाही!"

"मग हे दुसरं," असं म्हणून तो गाडीत बसलासुद्धा.

रविवार उजाडला. विषय काढायचं सोडून डॉक्टरीण नाश्ता उरकून अडगळीच्या खोलीत शिरली आणि तिनं दार लोटून घेतलं. बॅगा आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामध्ये तिचं विमान उभं होतं. विमान म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन पडदे आणि विमान वळवायचा एक दांडा. सिम्युलेटरवर विमान उडवायचा नाद तिला लग्नाआधीपासूनचा. जगभरातले असेच नादिष्ट लोक एका क्लबात जमायचे, आणि आज क्लबाचं मोठं उड्डाण होतं. महासागर ओलांडून पश्चिमेला जायचं. क्लब चालवणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांना एकच विमान, एकच मार्ग आणि एकसारखंच, जेमतेम पुरेल इतकं इंधन ठरवून दिलं होतं. किती उंचीवरून जायचं तेवढं ज्याचं त्यानं ठरवायचं. मागच्या खेपेला डॉक्टरणीचं इंधन वाटेतच आटलं होतं आणि तिला भलत्याच गावी उतरावं लागलं होतं. तेव्हापासून क्लबात तिचं नाव 'अर्धी वाट' पडलं होतं.

कॉम्प्युटरनं नेहमीप्रमाणे छत्तीस हजार फूट सुचवले. तिनं त्या उंचीचा वारा पाहिला. समोरून तोंडावर येणारा, पिसाळलेला वारा. या हिशोबानं किनारा दिसायच्या आत टाकी कोरडी पडली असती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. कप्तान.

"स्वयंपाकघरातला नळ गळतोय," ते म्हणाले, आणि त्यांची नजर पडद्यावर खिळली. नकाशाभर बाणांना पिसं फुटावीत तशा खुणा होत्या. "ही वाऱ्याची पिसं ना? जितकी पिसं जास्त, तितका जोर."

"हो, बाबा."

"जहाज कुणाचं?"

"जहाज नाही, विमान. आणि तेही खोटं. खेळ आहे हा," ती म्हणाली. तिचे कान तापले.

"वारासुद्धा खोटा?"

"नाही, वारा खरा. आजचाच."

"मग खेळ कसला?" असं म्हणून कप्तानांनी एक बॅग आडवी केली आणि तिच्यावर ठाण मांडलं. "एवढा वारा तोंडावर असेल तर आम्ही वळसा घालायचो."

"वळसा चालणार नाही. मार्ग ठरलेला आहे. फक्त वर-खाली जाता येतं."

"म्हणजे तुमच्याकडे वाऱ्याला मजले आहेत?"

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती थोडी सैल झाली. "आहेत ना. वरच्या मजल्यावर हवा विरळ, तिथे विमान कमी इंधन पितं, म्हणून सगळे वर पळतात. पण आज नेमक्या त्याच मजल्यावर वाऱ्याचा लोंढा आहे. हे बघा, अठ्ठावीस हजारांवर जोर निम्म्यानं कमी."

"तिथे पितं जास्त?"

"तासाला जास्त पितं. पण समोरून रेटा कमी, त्यामुळे तास कमी लागतात. गुणाकार केला की खालचा मजला जिंकतो." तिनं आकडे घातले. इंधन पुरत होतं, पण अगदी कडेकडेनं. तिनं नख तोंडात घातलं.

कप्तान पडद्याकडे झुकले. "हा नकाशा कधीचा?"

"आत्ताचा. सकाळचा."

"आणि या लोंढ्यापाशी तू पोचणार कधी?"

डॉक्टरणीनं घड्याळाकडे पाहिलं. मग तिनं घाईघाईनं दुपारचा अंदाज उघडला. लोंढा जागेवर बसून राहिलेलाच नव्हता, तो चांगलाच अलीकडे सरकला होता. त्याच्या पलीकडे वरच्या मजल्यावरही पिसं विरळ झाली होती.

"म्हणजे हा लवकर भेटेल आणि लवकर सुटेल," ती म्हणाली. "तोवर खालून जायचं. पलीकडे गेलं की वर चढायचं. तोपर्यंत इंधन जळून विमानही हलकं झालेलं असेल."

"मला मजल्यातलं कळत नाही," कप्तान म्हणाले, "पण हा बेत मी जहाजावर मान्य केला असता."

विमानं निघाली. बाकीचे झपाझप वर गेले, ती खालीच राहिली. स्पीकरवरून क्लबातले लोक चेष्टा करू लागले. "डॉक्टर, ढगात दात शोधताय का?" मास्तरांनी काळजीनं सांगितलं, "सर्वांत जास्त इंधन तुमचं जळतंय, बरं का." काटा खरंच भराभर उतरत होता. तिनं दांडा घट्ट धरला. वर चढावं का?

"बेत बदललाय?" कप्तानांनी विचारलं.

"नाही."

"मग हात काढ त्या दांड्यावरून."

दोघांनी इस्त्रीच्या टेबलावर चहा घेतला आणि ऑम्लेट-पाव खाल्ला. पडद्यावर खाली नुसतं पाणीच पाणी. अशात कप्तान एकदम म्हणाले, "दर रविवारी तू इथे येऊन दार लावून घेतेस. मला वाटायचं, मला टाळतेस."

"टाळतच होते," तिच्या तोंडून निसटलं आणि तिनं जीभ चावली.

कप्तान खो खो हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "आणि मी तोंड उघडत नव्हतो. जहाजावर मी काही बोललो की त्याचा हुकूम व्हायचा. घरात कसं बोलायचं ते सगळं तुझ्या सासूनं सांभाळलं. म्हटलं, इथे काही बोललो तर सून म्हणेल, म्हातारा लुडबुड करतो."

तिनं कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "बाबा, जाऊ नका. इथेच राहा. तो जिना, ते एकटं घर… आम्हाला झोप लागणार नाही."

कप्तानांनी पडद्याकडे बोट केलं. "चालू प्रवासात मी असे निर्णय घेत नाही. आधी पोचू."

लोंढा आला. स्पीकरवरची चेष्टा एकाएकी थांबली. वरच्यांची विमानं जणू चिखलात रुतली होती, आणि डॉक्टरणीचं विमान एकेकाच्या खालून पुढे सरकत होतं. लोंढा ओलांडल्यावर ती सावकाश वर चढली. काट्याचं उतरणं मंदावलं. दिवस कलताना किनारा दिसला, मग धावपट्टीचे दिवे, आणि चाकं जमिनीला टेकली तेव्हा टाकीत राखीव इंधन जसंच्या तसं शिल्लक होतं. पाच जणांना वाटेतच उतरावं लागलं होतं.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "ते जुनं नाव आम्ही मागे घेतो."

तिचा जीव भांड्यात पडला खरा, पण अर्धाच. तिनं खुर्ची वळवली.

कप्तान फोन कानाला लावून बसले होते. "हो, मीच बोलतोय," ते पलीकडे कुणाला तरी सांगत होते. "माझ्या घराची किल्ली तुमच्याकडेच ठेवा. मी आता मुलाकडेच राहणार आहे. नाही, नाही, कायमचा."

डॉक्टरीण उठून उभी राहिली. कित्येक आठवड्यांचं दडपण एका झटक्यात उतरलं होतं. ती चक्क रडली आणि रडता रडता हसली. कप्तानांनी अवघडून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मागे कप्तानांचं मोठमोठ्यानं बोलणं चाललं होतं.

"भांडताय की काय?" त्यानं घाबरून विचारलं. "विषय काढलास का?"

"काढला. राहतायत," ती म्हणाली. "आता परतीच्या उड्डाणाचा वाद चाललाय. तेव्हा वारा पाठीवर असेल, तर लोंढ्यातूनच जाऊ म्हणतायत."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला सपाटून भूक लागली आहे.