वरमाई आणि वरचं राज्य

"आई, आज फुटबॉल हा शब्द तोंडातून काढायचा नाही," मिशिगनमधलं ॲन आर्बर सोडताना वेदांतने शैलजाताईंना बजावलं. ओहायोची हद्द लागल्यावर पुन्हा बजावलं.

"केळवण आहे, दोन आठवड्यांवर लग्न आलंय. अबोलीचे बाबा या बाबतीत जरा सीरियस आहेत."

"आणि मी काय टाइमपास म्हणून बघते?"

"तेच म्हणतोय मी."

मागच्या सीटवर मोहनराव गाढ झोपले होते. तीस वर्षं मिशिगनमध्ये काढून या माणसाला अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल कुणाच्या हातात आहे हे कधी कळलं नव्हतं. कळत होतं ते शैलजाताईंना. लग्न होऊन नवीन आल्या तेव्हा मोहनरावांच्या शनिवारी हॉस्पिटलात ड्यूट्या असत. शेजारणीने एक जादाचं तिकीट दिलं आणि ह्या कोटाखाली पाचवारी नेसून मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमवर गेल्या. भारत सोडल्यापासून इतकी माणसं एकाच वेळी ओरडताना त्यांनी ऐकली नव्हती. शेजारच्या अनोळखी बाईने आपल्या ब्लँकेटचा अर्धा भाग न विचारता त्यांच्या गुडघ्यांवर टाकला. खेळ काही कळला नाही, पण आपण कोणाकडून ओरडायचं ते त्या दिवशी ठरलं ते ठरलंच.

आणि आता एकुलत्या एका मुलाने सून कुठली आणावी? मिशिगनच्या जन्माच्या वैऱ्यांच्या, ओहायो स्टेट विद्यापीठवाल्यांच्या घरातली! मुलगी सोन्यासारखी, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण नोव्हेंबरातल्या मॅचमध्ये ओहायो स्टेटने मिशिगनला बेचाळीस-एकोणचाळीसने हरवलं होतं. पहिल्या नंबरची टीम विरुद्ध दुसऱ्या नंबरची, आणि हरले ते तीन पॉइंटांनी! ह्याला हरणं म्हणत नाहीत, असं शैलजाताईंचं स्पष्ट मत होतं. तेव्हा जानेवारीतली अंतिम मॅच याच दोघांत पुन्हा व्हायला हवी. पण तिथे कोण खेळणार हे मतं देणारे आणि कॉम्प्युटर मिळून ठरवणार. "ज्याला कधी थंडी वाजली नाही, त्याला यातलं काय कळणार?" असं त्या कॉम्प्युटरबद्दल म्हणायच्या. काल मधे कडमडलेली, दुसऱ्या नंबरवर बसलेली कॅलिफोर्नियाची टीम अचानक हरली आणि आशा पुन्हा जिवंत झाली. आज, डिसेंबरच्या या पहिल्या रविवारी, संध्याकाळी टीव्हीवर निकाल होता. आणि आजच गप्प बसायचं होतं.

अबोलीच्या बाबांनी, पुरुषोत्तमरावांनी, दारात हात जोडून स्वागत केलं. माणूस लाघवी, फक्त अंगात लालभडक स्वेटर.

"रस्ता कसा होता? वरच्या राज्यात बर्फ पडलं म्हणे?"

मिशिगनचं नाव ते घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. फरक इतकाच की त्या लाजून घेत नसत.

"पडलं थोडं," शैलजाताई म्हणाल्या. वेदांतने सुटकेचा निःश्वास टाकला.

जेवण झकास झालं. अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, चांदीची ताटं, भोवती रांगोळी. श्रीखंड वाढता वाढता पुरुषोत्तमराव मोहनरावांना म्हणाले, "लोक म्हणतात, पुन्हा मॅच घ्या. अहो, एकदा पेपर दिला, नापास झाला. लगेच फेरपरीक्षा कसली मागता?"

"खरंय," मोहनराव म्हणाले. परीक्षा कोणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शैलजाताईंनी पुरी अशी मोडली की अबोली दचकली.

जेवणानंतर विहीणबाईंनी, म्हणजे कांचनताईंनी, हळदकुंकू लावून ओटी भरली आणि वरमाईची साडी हातात ठेवली. ब्लाउज शिवायला वेळ मिळावा म्हणून आधीच. "सीमांतपूजनाला हीच नेसायची हं."

शैलजाताईंनी घडी उलगडली. अस्सल कांजीवरम. अंग लालभडक, काठ राखाडी. तंतोतंत ओहायो स्टेटचे रंग!

"छान आहे," त्या म्हणाल्या. आवाज असा की जिलबीसुद्धा कडू व्हावी. मग चहा नको म्हणाल्या, पान नको म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बाहेरच्या बर्फाकडे बघत बसल्या.

वरमाई रुसली! अमेरिकेत इतकी वर्षं काढली तरी या रुसव्याचं नाव काढलं की वधूच्या आईची धांदल उडते. कांचनताई आत जाऊन दुसरी साडी घेऊन आल्या, जास्त जरीची. शैलजाताईंनी मान हलवली. मग मोत्यांच्या कुड्या आणल्या. शैलजाताई म्हणाल्या, "अहो, कशाला उगीच?" मग काहीच सुचेना तेव्हा कांचनताई स्वयंपाकघरात गेल्या आणि सिंकपाशी उभ्या राहून रडू लागल्या.

ते हुंदके ऐकून शैलजाताई उठल्या. दारातून वेदांत डोळ्यांनी 'नको, नको' करत होता. त्यांनी दार लावून घेतलं.

"कांचनताई, माझ्याकडे बघा. साडी सुंदर आहे. तुमचं काहीच चुकलं नाही. मी मुलाला शब्द दिला होता, पण तुम्हाला रडवून कसला पाळायचा तो? मला ते रंग चालत नाहीत हो. मी मिशिगनची आहे."

कांचनताईंनी पदराने डोळे पुसले. "म्हणजे... फुटबॉल?"

"फुटबॉल."

"तुम्हीसुद्धा?" आणि त्या अशा हसत सुटल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. "मला वाटलं, मानपानात काही राहिलं! अहो, ह्यांनीच हट्ट केला, लालच घ्या, शुभ असतं. मला काय ठाऊक शुभ कोणासाठी! थांबा. रुसलाच आहात ना? मग रुसवा त्यांनीच काढायचा."

त्या पदर खोचून बाहेर आल्या. "अहो, उठा. विहीणबाई रुसल्यात. उखाणा घ्या."

"मी? कोणाचं नाव घेऊ?"

"वरच्या राज्याचं!"

पुरुषोत्तमराव सोफ्यावरून अर्धवट उठले तसेच राहिले. "हे काहीतरीच. माझा नेम आहे."

"पोरीचं लग्न आहे की नाही?"

"बाबा, घ्या ना," अबोली म्हणाली. "इट्स जस्ट अ वर्ड."

"वर्ड नाही तो!" पुरुषोत्तमराव आणि शैलजाताई एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे बघायला लागले. दोघांना पहिल्यांदाच वाटलं असावं, की या घरात आपली भाषा बोलणारं कोणीतरी आहे.

पुरुषोत्तमरावांनी स्वेटर खाली ओढला, घसा खाकरला, छताकडे पाहिलं.

"बर्फ पडलं अंगणात, कानांवर ओढली टोपी,
मिशिगनशी मॅच... म्हणजे नसते कधी सोपी."

टाळ्यांनी मोहनराव जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या. शैलजाताई गालातल्या गालात हसल्या. "चहा टाका," त्या म्हणाल्या. "साडी मात्र ती जरीचीच देणार ना?"

"देणार म्हणजे काय, बॅगेत घातलीसुद्धा," कांचनताई म्हणाल्या.

बाहेर अंधारलं होतं. चहाचे कप हातात घेऊन सगळे टीव्हीसमोर बसले. आता वेदांतचीही हरकत नव्हती, आणि असती तरी विचारलं कोणी असतं? निवेदकाने बराच वेळ काढला आणि मग सांगितलं, अंतिम मॅच ओहायो स्टेट विरुद्ध फ्लोरिडा. मिशिगनने एक जानेवारीला रोझ बोल ही दुसरी मॅच खेळावी.

शैलजाताईंनी कप खाली ठेवला. कांचनताईंनी मघाच्यापेक्षा जास्त घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

"चूक आहे," पुरुषोत्तमराव हळूच म्हणाले. "साफ चूक. फ्लोरिडा म्हणे! तिकडे थंडी माहीत नाही कोणाला. विहीणबाई, खरं सांगू? मला तुम्हीच हव्या होतात."

"मघाशी तर नापास म्हणत होता."

"ते जेवताना बोलायचं असतं हो. दोनदा हरवलं असतं, म्हणजे तोंडच बंद झालं असतं तुमचं."

"हरवलं असतं? तुमचा बचाव बघितलात का? एकोणचाळीस पॉइंट खाल्लेत त्याने! फ्लोरिडावाले दमवतील तुम्हाला, सांगून ठेवते. तुमची पोरं दीड महिना नुसती बसून राहणार, गंज चढेल."

"गंज? आमच्या पोरांना?"

"आई, निघू या, तीन तासांचा रस्ता आहे," वेदांत म्हणाला.

"बस रे जरा," शैलजाताईंनी खुर्ची पुढे ओढली. "हां, पुरुषोत्तमराव. पहिल्या डावापासून सुरू करा. तुमचा तो पहिला टचडाउन, त्याबद्दलच मला आधी बोलायचंय."