चुलीत पडलेला वाल

मित्रांनो, मी एक जुना वाल आहे. जळून कोळसा झालेला, तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. हजारो वर्षांपूर्वी उल्हास नदीकाठच्या शेतात मी शेंगेत वाढलो. एका बाईने शेंगा फोडून टरफले चुलीत घातली, आम्हाला भिजत ठेवले. मला छान मोड आला. ती एकेकाची साल काढू लागली आणि मी तिच्या ओल्या बोटांतून निसटून थेट चुलीत पडलो! बाकीचे वाल तिच्या मुलांनी खाल्ले. मी मात्र कोणाच्याच उपयोगी पडलो नाही, याचे मला फार वाईट वाटले. पुढे राखेवर मातीचे थर चढले आणि सगळे मला विसरले.

यंदा बदलापूरजवळच्या खरवईत हिरामण घराचा पाया खणत होता. खड्ड्यात काळी राख लागली. बदलापुरातच कात्रपला राहणारी, पुरातत्त्व शिकणारी जिज्ञासा रस्त्याने जात होती. ती धावतच आली.

"दादा, थांबा! ही जुनी चूल वाटते. मला एक दिवस द्या."

"ताई, उद्या काँक्रीटची गाडी येणार. राखेत काय ठेवलंय?"

हिरामणची आई विठा ओट्यावरून म्हणाली, "दे रं एक दिस. चूल हाय ती कुनाची तरी."

हिरामणने गाडीची वेळ एक दिवस पुढे ढकलली. जिज्ञासाने ती माती बादलीतल्या पाण्यात सोडली. चिखल खाली बसला आणि मी टरफलांच्या तुकड्यांसोबत वर तरंगलो. किती काळाने उजेड पाहिला मी!

तिच्या सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. "वालच आहे. पण तू म्हणतेस तसा खाण्यासाठी तयार केला होता कशावरून? नुसताच आगीत पडला असेल."

जिज्ञासा हिरमुसली. पण दुसऱ्याच दिवशी ती विठाकडे गेली. "आजी, थोडे वाल द्याल? काही कोरडे, काही मोड आणून सोललेले. जाळून बघायचेत."

"खायाचे वाल जाळतेस?" विठा हसली, पण तिने वाटी भरून दिली.

राख न होता कोळसा व्हावा म्हणून जिज्ञासाने ते डब्यातल्या वाळूत पुरून, डबा बंद करून तापवले आणि माझ्याशेजारी मांडले. कोरड्या वालांना जळकी साल चिकटून होती. सोललेले मात्र हुबेहूब माझ्यासारखे! मोडाची खूणसुद्धा तशीच.

सरांनी आम्हाला शेजारी शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. "एका दाण्यावरून सगळं सिद्ध होत नाही. पण हा मोड आणून सोललेला दिसतोय खरा. आणखी शोधायला हवं."

जिज्ञासाने मला विठाच्या तळहातावर ठेवले. "म्हंजी तीबी माझ्यावानी वाल सोलीत व्हती?" विठा हळूच म्हणाली. त्या बाईचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण तिचा स्वयंपाक माझ्यामुळे कळला. मला धन्य वाटले.

परवा पाण्याच्या टाकीसाठी खणताना पुन्हा काळी माती लागली. हिरामणने स्वतःच जेसीबी थांबवला आणि फोन लावला. "ताई, राख लागलीय. कुणाला हात लावू दिला नाही. या लवकर."

मित्रांनो, तुमच्या गावात खोदकाम चालू असेल तर एकदा डोकावून पाहा. राखेचा पट्टा दिसला, तर ती माती फेकण्याआधी कोणा जाणत्याला नक्की बोलवा. त्या राखेत कोणाच्या तरी घरचे जेवण असू शकते.