रडायच्या भूमिका

सकाळचे अकरा वाजले होते. मेकअपवाल्या बाईंनी ठिणगीच्या डोळ्यांत ग्लिसरीनचे दोन-दोन थेंब सोडले आणि म्हणाल्या, "या महिन्यात तिसऱ्यांदा रडताय माझ्या खुर्चीत."

"काम आहे," ठिणगी म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. डोळे चुरचुरले, पाणी आलं, संपलं. नवरा जाऊन नऊ महिने झाले होते आणि तिला स्वतःचं असं रडू एकदाही आलं नव्हतं. जे काही आलं ते बाटलीतून.

वर्षभरापूर्वी हीच ठिणगी नुसती भुवई उडवायची आणि लोक सभागृह डोक्यावर घ्यायचे. चौघांची विनोदी मंडळी होती ती. मास्तर, म्हणजे तिचा नवरा, लिहायचा. लंब्या आणि ढोल्या धिंगाणा घालायचे. ठिणगी व्हायची कचेरीच्या तक्रारखिडकीतली खाष्ट बाई. मास्तर गेला, मंडळी मोडली आणि जो तो आपापल्या वाटेला लागला. लंब्याला सिनेमा मिळाला, ढोल्याला टीव्हीवरची मालिका. दोघंही मनाने चांगले, तिला विसरले नाहीत. ढोल्याने तिला वारलेल्या भावाची बायको केलं, लंब्याने वारलेल्या मित्राची. दोन्हीकडे काम एकच, दाराशी उभं राहायचं आणि रडायचं.

आणि तिचं नावही गेलं होतं. "ए ठिणगे, सरक तिकडे" म्हणणारे दोघे आता "वहिनी, बसा ना" म्हणत. ती खोलीत आली की चाललेली थट्टा अर्ध्यात गिळत. आपण याला मान देणं म्हणतो. शिक्षा म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने दोघांना सांगितलं. ढोल्या लंब्याच्या सिनेमाच्या सेटवर सहज भेटायला आला होता. एका वाहिनीने तिला विचारलं होतं, तक्रारखिडकीवर मालिका, तिची एकटीची. शुक्रवारपर्यंत काय ते कळवायचं.

लंब्याने घास खाली ठेवला. "राग मानू नका वहिनी, पण लोक हसणार नाहीत. तुम्हाला बघितलं की त्यांना मास्तर आठवणार."

"आणि तुला बघितलं की?"

लंब्याने खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला. ठिणगी दुसऱ्याकडे वळली.

"ढोल्या, तुझी बायको गेली तेव्हा कितव्या दिवशी स्टेजवर उभा राहिलास?"

"अठराव्या."

"लोक काय म्हणाले?"

"उभं राहून टाळ्या वाजवल्या. काय सावरलाय म्हणाले." मग तो घाईने म्हणाला, "पण ते वेगळं हो, वहिनी."

"कसं वेगळं?"

बिचाऱ्याने याआधी कधी विचारच केला नव्हता. ठिणगीला रागसुद्धा आला नाही. दुपारी ती दाराशी उभी राहिली, सांगितलं तितकं रडली आणि घरी गेली.

घरी सासूबाई. त्यांना विचारण्यात काही अर्थच नव्हता. या मंडळींचे विनोद त्यांना अजिबात खपत नसत. टीव्हीवर कार्यक्रम लागला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. अकरा वर्षं ठिणगी हेच बघत आली होती.

गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर त्यांचा जुना कार्यक्रम पुन्हा लागला. सासूबाई उठल्या. आत नळ सुरू झाला. थोड्या वेळाने ठिणगी आपला कप ठेवायला आत गेली, तर बेसिन रिकामं. एक भांडं नाही. पाणी नुसतं धो धो चाललेलं, आणि सासूबाई काठ धरून उभ्या, खांदे गदगदा हलतायत.

"आई, रडताय?"

त्या वळल्या. ओठ घट्ट मिटलेले आणि हसू नाकातून बाहेर पडत होतं.

"अगं, ती तू लोकांच्या तोंडावर खिडकी बंद करून डबा खातेस ना..." एवढंच बोलता आलं.

ठिणगी कप हातात धरून उभी राहिली. "मला वाटायचं तुम्हाला आवडत नाही."

"न आवडायला काय झालं?" त्यांनी डोळे पुसले. "हे गेले तेव्हा मी एकोणतीसची. महिना झाला असेल. शेजारीण काहीतरी बोलली आणि मी हसले. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, लवकर सावरलीस गं. एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून हसू आलं की नळ सोडते."

"आई, किती वर्षं?"

"बेचाळीस." त्यांनी नळ बंद केला. "त्या वाहिनीचं पत्र वाचलंय मी. चष्मा शोधताना सापडलं. हो म्हणून कळव."

शुक्रवारी ठिणगीने होकार कळवला. मग लंब्याला फोन करून सांगितलं, "दाराशी रडायला दुसरी कोणीतरी बघ." तो बरं म्हणाला.

पहिल्या भागाचं चित्रीकरण दोनशे प्रेक्षकांसमोर झालं. पडदा सरकला, खिडकीत ठिणगी. तिने रांगेतल्या माणसाच्या तोंडावर खिडकी लावली आणि डबा उघडला. एरवी इथे छप्पर उडायचं. आज सगळे हळहळत्या चेहऱ्याने बसलेले. कोणीतरी च्च केलं. ठिणगीने घास तोंडात घातला. त्याला चव नव्हती.

मग तिसऱ्या रांगेतून एक हसू आलं. गंजलेलं, नाकातून येणारं. दोनशे माना वळल्या. ती नजर तुम्हाआम्हाला नवी नाही. आपणही कधी ना कधी कोणाकडे तसं बघितलेलं आहे. सासूबाईंचा हात सवयीने तोंडाकडे गेला. इथे नळ नव्हता. हात अर्ध्यात थांबला, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि दोनशे जणांच्या देखत पुन्हा हसल्या, तोंड उघडून.

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाटली मेकअपच्या खोलीत होती. तिने ते पुसलं नाही. डब्याचं झाकण लावलं, खिडकी उघडली, कोपर टेकून बाहेर वाकली आणि एक भुवई वर करून त्या वळलेल्या मानांना विचारलं,

"हं, बोला. कोणाची काय तक्रार आहे?"