पाठीवर पन्नास हजार, पोटात वाळू

मी बोलतेय, पण आधी तुम्ही सांगा, तुमचा भरवसा कुणावर? दुकानदाराच्या जिभेवर, खोक्यावरच्या आकड्यावर, की हाताला लागणाऱ्या वजनावर? सावकाश सांगा, घाई नाही. माझ्यावर मात्र ठेवू नका. मी एक पॉवर बँक आहे. माझ्या पाठीवर क्षमतेचा पन्नास हजार असा आकडा छापलाय आणि पोटात त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही.

मला जन्माला घालणाऱ्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, हात तेवढे पाहिले. त्या हातांनी माझ्यात कुठल्याशा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला एकुलता एक सेल बसवला, उरलेल्या जागेत वाळूच्या दोन पुड्या कोंबल्या आणि झाकण चिकटवलं. वर चार निळे दिवे. ते पोटाला काही विचारत नाहीत. बटण दाबलं की चारही लागतात. इतके निर्लज्ज दिवे तुम्ही पाहिले नसतील.

तिथून मी बेर्कोवित्सा या डोंगरपायथ्याच्या गावात आले, मेतोदीच्या दुकानात. कोम शिखरावरून समुद्राकडे सहाशे किलोमीटर चालत निघणारे लोक शेवटची खरेदी तिथे करतात. धंदा म्हणजे काय ते मी त्याच्याकडे शिकले. मेतोदी मालाबद्दल अवाक्षर काढायचा नाही. माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "चाळीस वर्षं बाजारात आहे. हलका माल आणि हलका माणूस मी उंबऱ्याच्या आत घेत नाही." मग गप्प. पुढचं काम माझी वाळू करायची.

त्याच वाटेला निघालेल्या रुमेनने मला हातात तोललं आणि एवढी जड म्हणजे भरलेली असणार, म्हणून तो खूश झाला. हा गडी एरवी वजन वाचवायला दात घासायचा ब्रशसुद्धा अर्धा कापून आणणारा, प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवणारा. बरोबर त्याची थोरली बहीण कालिना. तिला वीस वर्षं मधुमेह. दंडावर बटणाएवढी चकती चिकटवलेली. चकती साखर मोजते आणि आकडा फोनवर दिसतो.

"माझी जुनी छोटी बँक आहे की," कालिना म्हणाली.

"ताई, ती दहा हजारांची. ही पन्नास!"

"आकडा छापायला शाई लागते, रुमेन."

मला ही बाई पहिल्या क्षणापासून पटली, आणि नेमकी तिचीच बँक मी होणार होते.

कोमवरून दगड उचलायचा आणि वाट संपते त्या एमिनेच्या टोकावर समुद्रात फेकायचा, अशी तिथली रीत. लोक खिशात मावेल एवढा घेतात. रुमेनने किलोभर वजनाचा धोंडा उचलला. "बाबांच्या नावाचा आहे. बाबांच्या नावाने खडा नेऊ?" मग वजनाचा तोल साधायला त्याने पिशवीतून दोन वस्तू काढल्या: कालिनाची छोटी बँक आणि बोट टोचून साखर मोजायचं यंत्र. शिखरापर्यंत सोबत आलेल्या मित्राच्या हाती दोन्ही खाली धाडल्या.

"फोन बंद पडला तर?" कालिनाने विचारलं.

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "पन्नास हजार आहेत, ताई!"

वाळू हलली. त्याला ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कालिनाचा फोन अर्धा भरला आणि संपले. दिवे चारच्या चार. तिसऱ्या दिवशी दोघं डोंगरधारेवर, सगळीकडे धुकं, चार पावलांपलीकडे काही दिसेना. रुमेनचा फोन वाट दाखवून दाखवून आदल्या दिवशीच मेला होता. आता तिचाही गेला. थोड्याच वेळात ती गवतात बसली. हात थरथरत होते, थंडीत घाम फुटला होता.

"ताई, साखर कमी झालीय की वाढलीय?"

"ते सांगणारं यंत्र तू घरी धाडलंस."

रुमेन माझं बटण दाबत सुटला. मी दरवेळी चार दिवे दाखवले. मला दुसरं काही येतच नव्हतं.

"ठेव ती," कालिना म्हणाली. "हे अंग मी वीस वर्षं ओळखतेय. कमीच आहे. लोकुम काढ." गुलाबाच्या वासाच्या त्या मिठाईचे चार तुकडे तिने चावले आणि डोळे मिटले. रुमेन घड्याळाकडे बघत मिनिटं मोठ्याने मोजत होता. सतराव्या मिनिटाला तिचे हात थांबले.

डोंगरातल्या निवाऱ्यावर राखणदार स्तामेनाबाईंनी सुरी लावून माझं झाकण उघडलं. मेजावर वाळू सांडली.

"अरे लेका, एमिनेचा किनारा पिशवीत घेऊनच निघालास की!"

कालिना म्हणाली, "दगड काढ." रुमेनने बाबांचा धोंडा खिडकीत ठेवला. त्यांची वाट तिथेच संपली; दोघं मला घेऊन मेतोदीच्या दुकानात परतली.

"चाकू लागलेला माल मी परत घेत नाही," मेतोदी म्हणाला.

"परत नकोच," कालिना म्हणाली. "इथे समोर ठेवा. झाकण उघडं, वाळू बशीत. येणाऱ्या प्रत्येकाला दिसू दे."

मेतोदी गोड हसला. "ठेवतो की, बाई."

आणि त्याने ठेवलं. आज मी तिथेच आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मेतोदी कळवळून सांगतो, "दुसऱ्या दुकानातला माल. एका बाईचा जीव जात होता." मग खालच्या खणातून माझी सख्खी बहीण काढतो. "ही हातात घ्या."

घेतात हो, घेतात!

म्हणून तुम्हाला सांगते. डोंगर चढण्याआधी घरी बसून एकदा फोन रिकामा करा आणि बँकेतून भरा, बँक संपेपर्यंत. दहा हजारांची खरी बँक फोन फार तर दोनदा भरते, थंडीत त्याहून कमी. किती वेळा भरला ते स्वतःच्या हाताने लिहा. दीड वेळा भरला तर दीडच लिहा, दोन नका लिहू. खोटा आकडा माझ्या पाठीवर आहे तेवढा पुरे.