लेबल पाठीला

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. गायक हातात धरून मिरवतात तो नव्हे. मी टेबलावर स्टँडला उभा राहतो आणि वायरीनं थेट कॉम्प्युटरला जोडला जातो. मला तोंड आहे आणि पाठ आहे. तोंडाच्या बाजूनं मला टाचणी पडलेली ऐकू येते, पाठीच्या बाजूनं मी जवळजवळ ठार बहिरा. ही माझी खोड नाही, मला घडवलंच तसं आहे. समोरच्या माणसाचं नीट ऐकावं आणि मागचा गोंगाट सोडून द्यावा, हे माझं काम. जिकडे तोंड तिकडे कारखान्यात कंपनीचा छोटासा बिल्ला लावला होता. एवढी साधी खूण! ती कुणाच्या ध्यानात आली नाही, त्याचीच ही कहाणी.

वाद्यांच्या दुकानात मी काचेच्या कपाटात होतो, तेव्हा एक शिंपी मला बघायला आला. गळ्यातली टेपही काढायची राहिली होती. त्याची बायको शाळेत मुलांना गिटार आणि गाणी शिकवायची. तिच्या घशात गाठ निघाली होती. त्या दिवसापासून एकविसाव्या दिवशी ऑपरेशन होतं. जीव वाचणार होता, पण आवाज कायमचा जाणार होता. त्यांना सहा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे बटण म्हणत. बटणसाठी आईचं एक गाणं, गिटारसकट, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं, एवढंच शिंप्याला हवं होतं.

पण पडला शिंपी! दहादा मापल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्याचा बाणा. तो रोज यायचा, हात मागे बांधून मला न्याहाळायचा आणि तसाच परत जायचा. आवाजाला एक आणि गिटारला एक असे दोन माईक घ्यावेत, की दोन्हींना मिळून एकच? शेजारच्या खणातला जाडजूड स्टेजचा माईक बरा, की मी?

"तो दणकट आहे," दुकानदार म्हणाला, "पण त्याला अगदी ओठांशी धरावं लागतं. मग गिटार मागे पडते. हा तिखट कानाचा, दोन्ही एकदम घेईल. फक्त खोलीत आवाज घुमत असेल तर तोही घेईल. खोली कशी आहे तुमची?"

"चारी भिंतींना कापडाची ठाणं आहेत."

"मग अडलंय कुठे? हाच न्या."

तरी त्यानं नऊ दिवस घालवले. मी काचेआडून मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, उचला मला, तिकडे तिचा आवाज चाललाय!

दहाव्या दिवशी एकदाचं त्यानं मला घरी नेलं. शिलाईच्या खोलीत टेबलावर उभं केलं. पंखा बंद केला, मशीनवर चादर टाकली. मग त्याला बिल्ला दिसला. पंचवीस वर्षांत त्यानं शिवलेल्या प्रत्येक सदऱ्याचं लेबल मानेमागे होतं, पाठीला. त्यानं बिल्ला खिडकीकडे वळवला आणि बायकोला माझ्या पाठीशी बसवलं. नऊ दिवस विचार करणाऱ्या माणसानं इथे मात्र क्षणाचाही विचार केला नाही.

ती गाऊ लागली. माझ्या तोंडासमोर खिडकीत दोन कबुतरं घुमत होती. त्यांचं घुमणं मी इतकं सुरेख टिपलं की मलाच लाज वाटली. तिचा आवाज मात्र जाड गोधडीआडून आल्यासारखा लागत होता.

शिंप्यानं हेडफोन लावून ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. "अगं, लांबून येतंय. जरा जोरात म्हण."

ती जोरात म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानदाराला फोन केला. बाईंना जवळ बसवा, असं उत्तर मिळालं. ती जवळ सरकली, माझ्या पाठीला नाक लागेल इतकी जवळ. मग त्यानं सगळा दोष कबुतरांवर ढकलला आणि खिडकीत कापडाचे तुकडे कोंबले. मग मला धड काहीच ऐकू येईना.

"अजून थोडं जोरात जमेल का गं?"

घशाला ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ती रोज ताण देत होती. रोज तिचा आवाज थोडा थोडा झिजत होता, आणि तो सगळा माझ्या पाठीवर वाया जात होता. मित्रांनो, मला ऐकता येतं, बोलता येत नाही. मला वळता येत नाही. वळवा मला, कुणीतरी वळवा, एवढाच माझा धोशा चालला होता. दाराशी बसून बटणनं एकदा विचारलं, "आई, तुझं गाणं खरखरीत का झालं?"

शेवटची सकाळ उजाडली. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तिनं सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत आवाज चिरकला. गिटार खाली ठेवून ती टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी पाणी प्यायला गेली. प्याली, वळली आणि माझ्या तोंडासमोर म्हणाली, "पुरे हो आता. नाही होत माझ्याच्यानं."

शिंपी हेडफोनसकट उडालाच. "काय म्हणालीस? परत म्हण! तिथूनच म्हण!"

"पुरे म्हटलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बिल्ल्याकडे पाहिलं. आणि तो मटकन खाली बसला. "अगं, अकरा दिवस मी तुला पाठीला बसवलं गं!"

तिला सगळं कळलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली. "लेबल पाठीला, होय ना? तुम्ही पण कमालच करता. उठा, वळवा त्याला. गाडी यायला अजून अवकाश आहे."

त्यानं मला वळवलं. तिनं गिटार घेतली. दीड ओळ आली, अगदी स्वच्छ, माझ्या जाळीला तिचा श्वास लागत होता. पुढे नुसतीच हवा आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. मग ती माझ्याजवळ वाकून कुजबुजली, "बटणा, केस विंचरून जात जा." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सगळं मिळून बावीस सेकंद भरली.

ती वाचली. आता कुणाला बोलवायचं असलं की ती गिटारच्या लाकडावर दोनदा टकटक करते. शिंप्यानं मला निळ्या मखमलीचं आवरण शिवलं आणि त्याचं लेबल पुढच्या बाजूला लावलं. पुढे लावलेलं त्याच्या हातचं हे एकच लेबल. त्यानंतर त्यानं मला कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही. माझ्या जाळीला ओल लागली आहे, वायर ताठरली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा, धूळ पुसा, ओल लागू देऊ नका. पण त्याआधी, मी हात जोडू शकत नाही म्हणून नुसतं सांगतो, निवडत बसू नका. हाताशी जो असेल तो घ्या, आणि ज्याचं ऐकायचं आहे त्याच्याकडे त्याचं तोंड आहे ना, एवढं बघा.

कधी दुपारी घरात कुणी नसलं की ती मला बाहेर काढते. कॉम्प्युटर बंदच असतो. लेबल स्वतःकडे करून ती गिटारवर ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवते, आणि शब्दांच्या जागी फक्त ओठ हलवते. आता माझं तोंड अगदी तिच्याकडे असतं.